मेलेल्या माणसाची लाल चौकट

१

साल दोन हजार बारा. एप्रिलचा दुसरा मंगळवार. त्या दिवशी सकाळी साडेदहाला, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, पेशंट आणि त्यांचे नातेवाईक बघत असताना, माझ्या धाकट्या जावेला मोठ्या साहेबांनी सांगितलं की तू एक माणूस मारलास.

तो माणूस सुतार होता. वय बावन्न. नाकात वाढलेलं मांस काढायला आला होता. रोजचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. पण सुताराला हृदयाचा त्रास होता आणि त्यासाठी तो रक्त पातळ करणारी गोळी घ्यायचा. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा घेऊन आला. रक्त थांबेना, श्वासनळीत उतरलं, आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो गेला.

साहेबांच्या दोन हातांत दोन कागद होते.

"हे आपल्या हॉस्पिटलच्या साइटवरचं, ऑपरेशनआधीच्या सूचनांचं पत्रक. पेशंटच्या नंबरावर मी स्वतः काढलं. ही बघा लाल चौकट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा. आणि हे सिस्टरबाईंनी त्याला दिलेलं पत्रक, त्याच्या बायकोनं आणलेलं. कुठाय चौकट? दुसऱ्याच कुठल्या विभागाचा कागद काढून दिला बाईंनी! माणूस गेला!"

धाकटी भिंतीला टेकली. तिला सोळा वर्षं झाली होती नर्स म्हणून. मी त्याच हॉस्पिटलात फायलींच्या खोलीत होते, निवृत्तीला एक वर्ष बाकी. गलका ऐकून बाहेर आले आणि शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

"शनिवारी चौकशी," साहेब म्हणाले. "तोपर्यंत घरी बसा. नर्सिंगची नोंदणी राहते का बघा, आणि पोलीस काय म्हणतात तेही बघा."

चौकशी समितीत तिघं होते. एक विश्वस्त, एक बाहेरचे वयस्कर डॉक्टर, आणि तिसरे स्वतः मोठे साहेब. माझ्या तेव्हाच अंगाची आग झाली. आज पंच्याहत्तरी जवळ आलीय, आणि ती आग तशीच आहे.

२

दुपारी तिच्या घरी गेले. ती चपला न काढता स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती.

"ताई, मी वेगळं काय करणार होते? नंबर टाकते, बटण दाबते, कागद येतो. विभाग निवडायची सोयच नाही मला. ते साइटच ठरवते."

हे खरं होतं. आमच्या साइटमध्ये एक अट लिहिलेली होती. पेशंटचा विभाग अमुक असेल तर पत्रकावर लाल चौकट दाखव, नसेल तर साधं पत्रक दाखव. ज्या ऑपरेशनांत रक्तस्रावाचा धोका जास्त, त्या विभागांना चौकट. बाकीच्यांना साधं.

"पण चौकट नाही हे तुला दिसलं नाही?"

"अकरा विभाग आहेत. कुणाला येते, कुणाला येत नाही. दिवसाला चाळीस कागद. वाटलं, वरच्यांनी ठरवलं असेल."

"वाटलं!"

"बोला, तुम्हीपण साहेबांसारखंच बोला. एक तोंड कमी होतं."

मी विचारलं, "आधी तर तू प्रत्येक पेशंटला फोन करून गोळ्या विचारायचीस."

"जानेवारीत बंद करायला लावलं. 'साइट सांगते ना सगळं, तू काय टेलिफोन ऑपरेटर आहेस का?' म्हणाले साहेब."

"लेखी दिलं होतं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कालच नोकरीला लागलेय. "साहेब लेखी कधी देतात, ताई?"

दीर दारात उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही काही करू शकाल का?" मी म्हटलं, बघते. माझ्याकडे होत्या फक्त फायली.

३

बुधवारी सकाळी मी कपाटं उघडली.

प्रत्येक पेशंटच्या पत्रकाची एक प्रत, त्याची सही घेऊन, फायलीत लागते. ऑपरेशनआधी डॉक्टर ती सही बघतात आणि पुढे सरकतात. सही आहे म्हणजे वाचलंय, असा हिशेब. वाचलं म्हणजे काय वाचलं, हे बघायची कुणाची रीत नव्हती.

मी कान-नाक-घशाच्या फायली काढल्या. गेल्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत प्रत्येकात लाल चौकट. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुतारापर्यंत एकतीस पेशंट. एकाच्याही कागदावर चौकट नाही. बाकी दहा विभागांत सगळं जिथल्या तिथे.

मला वाटलं, जिंकले! एकतीस वेळा कोणी चुकतं का? चूक साइटचीच. ढीग उचलला आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. असली घाई मी आयुष्यात चारदा केली असेल, आणि चारही वेळा तोंडावर आपटले.

साहेबांनी फायली चाळल्या. मान हलवली. मग सावकाश म्हणाले, "फार उत्तम काम केलंत, बाई. म्हणजे तुमच्या जावेनं एकदा नाही, एकतीसदा चुकीचा कागद दिला. हे मी समितीपुढे ठेवतो. फायली इथेच राहू द्या."

"साहेब, पण साइट..."

"साइट बरोबर आहे. सुताराचा नंबर टाकून बघा, चौकट येते. नर्स बटण दाबते तेव्हा येत नाही, मी दाबतो तेव्हा येते. दोष कुणाच्या बोटात आहे ते सांगा."

मी रिकाम्या हातानं बाहेर आले. धाकटीच्या गळ्यातला फास मी माझ्या हातानं आवळला होता.

४

खोलीत परतले तर सुताराची बायको बाकावर बसली होती. हातावर लाकडानं पडलेल्या जुन्या चिरा. नवऱ्याबरोबर तीही लाकूड घासायची.

"तुम्ही त्या सिस्टरच्या घरच्या ना?"

"जाऊ आहे माझी."

वाटलं, आता ही मला फाडून खाणार. तर ती म्हणाली, "मला कुणाला तुरुंगात बघायचं नाही. एवढंच सांगा, त्यांना लिहून दिलं होतं आणि त्यांनी वाचलं नाही, की लिहूनच दिलं नव्हतं? कारण ते तो कागद मोठ्यानं वाचायचे हो. नखं कापली, झालं. दाढी केली, झालं. अंगठी काढली, झालं. एकेका ओळीपुढे सुतारकामाच्या पेन्सिलीनं खूण करायचे. गोळीची ओळ असती तर तिच्यापुढेही केली असती. साहेब म्हणतात, ते निष्काळजी होते."

"साहेब असं म्हणाले?"

"माझ्या तोंडावर."

मी तिला पाणी दिलं. सांगितलं, शनिवारी अकरा वाजता या. काय सांगणार होते मी तिला, मलाच ठाऊक नव्हतं.

ती गेल्यावर मी साइटवाल्याला गाठलं. तो आमचा नोकर नव्हता. सहा दवाखान्यांच्या साइट सांभाळायचा. चाळिशीचा, मान धरलेला, गळ्यात कायम पट्टा. बिलिंगच्या मागच्या खोलीत बसला होता.

"बाई, मी तपासलंय. विभागाच्या नावाची अट बरोबर आहे. हे बघा." त्यानं पडद्यावर एक पेशंट काढला. नाव होतं नमुना पेशंट. विभाग होता 'कान, नाक & घसा'. बटण दाबलं. लाल चौकट आली. "बदल केला की मी यालाच तपासतो. पाच वर्षांत बिचाऱ्याची अकरा विभागांत ऑपरेशनं झालीत. अजून ठणठणीत आहे."

"ही मधली खूण कधीपासून? पूर्वी नुसते स्वल्पविराम होते."

"जानेवारीत विभागाला नवीन पाटी लावली ना. पेंटरनं दुसऱ्या स्वल्पविरामाच्या जागी ही 'आणि'ची खूण काढली, साहेबांना झोकदार वाटली. म्हणाले, साइटवरही तशीच पाहिजे. मी विभागांच्या यादीत बदलली, अटीत बदलली. दोन्हीकडे तंतोतंत तेच."

"हा नमुना काउंटरवर नोंदवला होता का?"

तो हसला. "त्याला कशाला रांगेत उभा करू? सरळ आतल्या तक्त्यात लिहिलाय मी. तिथला पासवर्ड फक्त माझ्याकडे."

त्याचं हसू जरा जास्त वेळ टिकलं. माझ्याकडे न बघता तो मानेचा पट्टा नीट करू लागला.

५

गुरुवारी नोंदणीच्या काउंटरवालीकडे गेले. चाळीस पेशंटांशी भांडून झालेलं तिचं तोंड.

"आता तुम्हीपण चौकशी करा! सकाळपासून जो तो मला विचारतोय. विभाग मी यादीतून निवडते, टाइप करतसुद्धा नाही."

"निवडल्यावर काय होतं?"

"काय होणार? मशीन धुऊन घेतं आणि आत पाठवतं."

"धुऊन म्हणजे?"

"साइटवाल्यानं शिकवलं होतं तेव्हा सांगितलेलं. काउंटरच्या फॉर्ममधून जाणाऱ्या असल्या चमत्कारिक खुणा तो तशाच आत सोडत नाही. खुणेच्या नावाखाली कोणी साइटमध्ये काहीबाही घुसवू शकतं म्हणे. म्हणून खुणेच्या जागी तिचं कसलंतरी लांब रूप ठेवतो, खुणेपुढे ए-एम-पी आणि अर्धविराम असलं काहीतरी. पडद्यावर दिसताना परत खूणच दिसते. आपल्याला काय फरक पडतो?"

मी तिच्या टेबलाला धरून उभी राहिले.

तरुणपणी मी सात वर्षं एका मोठ्या कचेरीत कार्डांना भोकं पाडायचं काम केलं होतं. तेव्हाचं यंत्र खोलीएवढं होतं. त्यानं मला एक गोष्ट पक्की शिकवली. यंत्राला माणसासारखं 'दिसत' नाही. ते एकेक भोक जुळवतं. एक भोक इकडचं तिकडे गेलं की जिवंत माणूस मयतांच्या यादीत. तुम्हाला आम्हाला दोन कार्डं सारखी दिसोत, यंत्राला त्याचं काय?

"तुझ्याकडे उद्या दुपारी अर्धा तास आहे?"

"जेवणाचा आहे."

"तो दे मला."

शुक्रवारी दुपारी काउंटरचा पडदा ओढून आम्ही दोघी बसलो. फायली साहेबांनी ठेवून घेतल्या होत्या, पण नंबर माझ्या वहीत होते. मी एकेक नंबर सांगितला, तिनं बटण दाबलं. धाकटी तिथे नव्हती. तिचं बोटही नव्हतं. पहिला कागद, चौकट नाही. दुसरा, नाही. दहावा, विसावा, तिसावा, नाही.

"आता सुताराचा."

छपाईयंत्र घरघरलं. कागद बाहेर आला, आणि त्यावर लालभडक चौकट होती.

काउंटरवालीनं उघडलेला डबा टेबलावर तसाच राहिला. "अगं बाई! तीस जिवंत माणसांना नाही, आणि जो मेला त्यालाच?"

"कुणाला बोलू नकोस," मी म्हटलं. "साइटवाल्याला तर मुळीच नको. त्यानं आज हे सारखं केलं तर उद्या माझ्याकडे दाखवायला काही उरणार नाही."

६

शनिवारी अकरा वाजता. लांब टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे धाकटी. सुताराची बायको भिंतीशी. साइटवाला आणि काउंटरवाली दाराजवळ.

साहेबांनी एकतीस फायलींचा ढीग पुढे सरकवला. "पुरावा बाईंनीच गोळा करून दिलाय."

"उरलेला आज देते," मी म्हटलं. "इथे मशीन आहे. बटण बाहेरच्या डॉक्टरांनी दाबावं."

साहेब म्हणाले, "ही काय शाळा आहे?" पण बाहेरचे डॉक्टर चष्मा लावून मशीनपाशी जाऊन बसलेसुद्धा. वीस मिनिटं एकामागून एक कागद निघत राहिले. तीस साधे. एकतिसावा लाल.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सांगा."

"जानेवारीत पाटीवरची खूण साइटवर आली. अटीत ती जशीच्या तशी लिहिली. पण काउंटरवरून येणारा पेशंट धुतला जातो. खुणेच्या जागी आत तिचं लांब रूप बसतं. खूण, मग इंग्रजी ए, एम, पी, मग अर्धविराम. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. यंत्र जुळवायला जातं, जुळत नाही, 'नसेल तर' कडे वळतं, साधा कागद देतं. काउंटरवरून आलेल्या एकाही पेशंटला जानेवारीपासून चौकट मिळणं शक्यच नव्हतं. तपासणी झाली ती नमुना पेशंटवर, जो काउंटरवर कधी आलाच नाही."

"मग सुताराला कशी मिळाली?"

"त्याला मिळाली नव्हती. त्याच्या बायकोच्या हातातला कागद खरा आहे. तो गेल्यानंतर त्याच्या नोंदीत विभाग कोणीतरी पुन्हा लिहिला, न धुता. कोणी? नर्सला फक्त छापता येतं. काउंटरवालीनं बदललं असतं तर तिच्या फॉर्मनं ते परत धुतलं असतं, चौकट आलीच नसती. आतल्या तक्त्यात हातानं लिहू शकणारा माणूस एकच आहे. आणि त्यानं तीस सोडून एकच नोंद सुधारली. म्हणजे दोष काय आहे हे त्याला नेमकं कळलं होतं."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. साइटवाल्यानं मानेचा पट्टा काढला, हातात धरला.

"सोमवारी साहेबांचा फोन आला," तो म्हणाला. "मी बघितलं, तासाभरात सापडलं. म्हटलं, सगळ्यांचं दुरुस्त करतो, दहा मिनिटांचं काम आहे. साहेब म्हणाले, सगळ्यांचं केलंस तर सगळ्यांचं चुकलं होतं हे कबूल केल्यासारखं होईल. त्या एकाचा कागद नीट निघू दे. बाकीचं शनिवारनंतर."

"खोटं बोलतोय!" साहेब उठले. "स्वतःची कातडी वाचवायला..."

"सोमवारनंतर?" बाहेरच्या डॉक्टरांचा आवाज चढला. "आज शनिवार आहे. या आठवड्यात त्या विभागात कोणी नोंदवलं गेलं?"

काउंटरवाली पुटपुटली, "चार. दोघांची ऑपरेशनं परवा आहेत."

साहेब परत खाली बसले. आणि मी, त्यांच्यापेक्षा वीस वर्षं जुनी नोकरी असलेली बाई, सगळ्यांसमोर ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिणार नाही. नातवंडं वाचतात.

धाकटीनं कुणाची परवानगी मागितली नाही. ती उठली, टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला आणि काउंटरवालीला म्हणाली, "नंबर सांग."

पहिला, गोळ्या नाहीत. दुसरी, नाहीत. तिसऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, ऑपरेशन सोमवारी.

"बाई, तुम्ही रोज कुठल्या गोळ्या घेता? ... नाही, नावं वाचून दाखवा. डबी आणा, मी थांबते... हो. ती पांढरी. कोणी दिली? हृदयाच्या डॉक्टरांनी? ... नाही नाही, मनानं बंद करू नका. सोमवारी येऊ नका. आधी त्या डॉक्टरांना विचारू. मी परत फोन करते. मीच करते."

तिनं फोन ठेवला आणि चौथा नंबर फिरवला. आवाज जराही हलला नव्हता. सुताराची बायको भिंतीपासून निघून तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि चारही फोन होईपर्यंत तिथून हलली नाही.

७

त्याच दुपारी साइटवाल्यानं सगळं दुरुस्त केलं. विभागाच्या नावावर अट लावायचंच सोडलं. प्रत्येक विभागाला एक आकडा दिला आणि अट त्या आकड्यावर लावली, म्हणजे पाटीवर कोणी वेलबुट्टी काढली तरी फरक पडणार नाही. खरोखर दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांचा विचार आला की माझ्या मुठी आजही वळतात.

पुढे त्यानं बाकीचे पाच दवाखाने तपासले. दोन ठिकाणी तसलीच खोट निघाली, ती त्यानं स्वतः जाऊन सांगितली. एक काम गेलं, एक राहिलं. मी त्याला माफ केलं नाही, पण रस्त्यात भेटला की बोलते.

काउंटरवाली तिथेच मोठ्या पदाला चढली. तिचा नियम झाला, काही बदललं की आधी घरच्या कुणाला तरी रांगेत उभं करून, फॉर्म भरून, कागद हातात घेऊन बघायचं. तिच्या नवऱ्याची कागदोपत्री सतरा ऑपरेशनं झाली आहेत.

सुताराच्या बायकोला हॉस्पिटलनं पत्र दिलं की तिच्या नवऱ्याला गोळीची सूचना मिळालीच नव्हती. तेवढं तिनं मागितलं होतं, तेवढंच घेतलं. नवऱ्याचा सुतारकामाचा कारखाना आता ती आणि तिची मुलगी चालवतात. माझ्या खोलीतलं कपाट त्यांच्याकडचं आहे.

मोठ्या साहेबांनी 'तब्येतीच्या कारणानं' राजीनामा दिला. सहा महिन्यांत दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात तेवढ्याच मोठ्या खुर्चीत बसले. रुग्णांच्या सुरक्षिततेवर भाषणं द्यायचे. एका भाषणाला मी मुद्दाम जाऊन पहिल्या रांगेत बसले. त्यांनी मला ओळखलं. भाषण मात्र पूर्ण केलं. आता हयात नाहीत.

आणि धाकटी. तिला परत घेतलं. पण समितीच्या निकालात लिहिलं होतं, 'संशयाचा फायदा देऊन मुक्त.' निर्दोष नाही. तो शब्द बदलून मिळावा म्हणून तिनं तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं की समिती विसर्जित झाली आहे. दुसऱ्याला आलं नाही. तिसरा मी तिच्याबरोबर जाऊन दिला, तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "बाई, नोकरी मिळाली ना? मग शब्दात काय एवढं?"

आणखी अकरा वर्षं तिनं तिथेच काम केलं. साइट कितीही नीट चालली तरी पेशंटना फोन करत राहिली, जेवणाच्या सुट्टीत. परवाच्या हिवाळ्यात ती गेली. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "ताई, चौथा अर्ज राहिलाच."

अर्ज घ्यायला आता ते ऑफिसही उरलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. ती निर्दोष होती. संशय कधी नव्हताच, त्यामुळे त्याचा फायदा तिला कुणी दिला नाही.